चार नंबरचा पिंजरा

१

सकाळी सव्वानऊला मी डासघराचं बाहेरचं दार उघडतो, आत शिरून ते लावतो आणि मगच आतलं दार उघडतो. दोन्ही दारं एका वेळी उघडी राहता कामा नयेत, हा आमच्याकडचा पहिला नियम. मधल्या चिंचोळ्या जागेत आरसा आहे. अंगावर एखादा डास बसलाय का ते त्यात बघायचं, पांढरा कोट चढवायचा आणि आत जायचं. आत बाराही महिने एकच हवा असते, कोणीतरी नुकतीच आंघोळ करून गेलेल्या न्हाणीघरासारखी. चष्म्यावर लगेच वाफ धरते. गेली एकोणीस वर्षं माझा दिवस चष्मा पुसण्यानं सुरू होतो.

मी डास पाळतो. त्यांना साखरपाणी देतो, त्यांची अंडी मोजतो. काम सांगितलं की लोकांना हसू फुटतं. बायकोच्या माहेरी मला 'डासवाले जावई' म्हणतात, आणि मीही त्यांना कौतुकाने हात हलवून दाखवतो. एका जागी बसून हजारभर अंडी मोजायला जी चिकाटी लागते, ती त्या घरात कोणाकडे नाही.

आमचं काम एका जंतूवर चालतं. हा जंतू डासाच्या पेशींच्या आत राहतो आणि डासाला आजारी पाडत नाही. तो आईकडून लेकरांकडे जातो, अंड्यातून. वारसाच म्हणा ना. नराच्या अंगातही तो असतो, पण नर तो पुढच्या पिढीला देऊ शकत नाही. नर म्हणजे त्याच्या दृष्टीने बंद गल्ली. मग एवढ्याशा वाटेने तो सगळीकडे पसरतो कसा? तर मोठ्या पाताळयंत्री पद्धतीने. लागण असलेला नर साफ मादीशी जुळला, तर तिची अंडी फुटतच नाहीत. लागण असलेल्या मादीला मात्र कुठलाही नर चालतो. तिची अंडी फुटतात आणि अळ्या जंतू घेऊनच बाहेर येतात. त्यामुळे साफ माद्यांचा वंश पिढीगणिक आखडत जातो आणि लागणवाल्यांचा फोफावतो. यात कोणी कोणाला मारत नाही. दुसरीची कूस तेवढी रिकामी राहते.

चार नंबरच्या पिंजऱ्यात आम्ही साफ माद्या आणि लागणवाले नर ठेवतो. त्या पिंजऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, शून्य. बाकीच्या पिंजऱ्यांत काही गडबड झाली तर ओळखायची कशी, तर चार नंबरचा शून्य बघून. एकोणीस वर्षं मी त्या रकान्यात शून्य लिहीत आलो होतो.

२

मादीला अंडी घालायला रक्त लागतं. ते कोमट ठेवून पाजायचं एक यंत्र आमच्याकडे आहे. ते वर्षातून एकदा बिघडतं आणि दुरुस्तीला गेलं की महिनोन्‌महिने येत नाही. मग आमची जुनी पद्धत: पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून हात आत घालायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. डास आमच्याच अंड्यांतून वाढलेले, त्यांच्यापासून रोगराईची भीती नाही. खाज सुटते, एवढंच. एक ते तीन नंबर, म्हणजे लागणवाल्या माद्यांचे पिंजरे, माझ्या हाताचे. चार नंबर मॅडमच्या हाताचा.

मॅडम आमच्या प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, पण हात घालायची वेळ आली की सगळ्यांच्या आधी बाही दुमडतात. यंदा त्यांच्या हाताला गांधी उठल्या, कोपरापर्यंत सूज आली. डॉक्टरांनी बंदी घातली.

"चार नंबर तुमच्या गळ्यात," मॅडम म्हणाल्या. "रक्त काय, कोणाचंही सारखंच."

मी हात घातला. दहा मिनिटांनी काढला. तीन दिवसांनी माद्यांनी ओल्या कागदाच्या पट्टीवर अंडी घातली, पुढच्या आठवड्यात मी पट्टी पाण्यात सोडली आणि दुसऱ्या दिवशी ट्रे भिंगाखाली घेतला.

ट्रेमध्ये अकरा अळ्या वळवळत होत्या.

पट्टीवर चारशे सहा अंडी होती. त्यातली अकरा फुटली होती. मी चष्मा पुसला, परत मोजलं. अकराच. चूक माझी असणार, असं मी स्वतःला समजावलं. नर-मादी वेगळे करताना एखादी लागणवाली मादी चुकून चार नंबरमध्ये गेली असेल. अशी चूक मी एकोणीस वर्षांत केलेली नाही, पण माणूस आहे, कधीतरी होणारच. रकान्यात मी अकरा लिहिलं. ते लिहिताना हाताला कसंतरीच झालं.

३

माझी बायको शाळेत गणित शिकवते. वाद घालणं हा तिचा श्वास आहे. आज पाऊस पडेल असं मी म्हणालो की ती "कशावरून?" विचारणारच. अकरा वर्षांच्या संसारात आम्ही भाजी चिरायच्या पद्धतीपासून विश्वाच्या वयापर्यंत सगळ्यावर भांडलो आहोत, आणि खरं सांगायचं तर तिच्याशी भांडण्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

आमची तीन मुलं गेली. तिन्ही पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्यात. दोघांच्याही सगळ्या तपासण्या झाल्या, दोघांतही काही खोट सापडली नाही. पहिल्या वेळी ती रडली, दुसऱ्या वेळी तिने वहीत शक्यता मांडून काढल्या, तिसऱ्या वेळी वही बंद करून ठेवली. त्यानंतर ती महिनाभर माझ्या आईकडे राहायला गेली. आईने तिची खूप शुश्रूषा केली. परत आली तेव्हा चेहऱ्यावर तुकतुकी आली होती.

आता तिला पाचवा महिना होता. डॉक्टर म्हणाल्या, सगळं उत्तम. मी देवाला न मानणारा माणूस, पण रस्त्याने चालताना उगाचच कोणाकोणाचे आभार मानत होतो.

एकच गोष्ट खटकत होती. ती वाद घालेनाशी झाली होती.

"यंदा सुट्टीत कुठे जायला नको," मी म्हणायचो.

"बरं."

"किंवा जाऊ या."

"बरं."

पोटुशी बाई, दमत असेल, असं मी मनाशी म्हटलं. एके दिवशी सकाळी ती मुलांचे पेपर तपासत होती. मी तिच्यासमोर बसून मुद्दाम म्हणालो, "सात अठ्ठे चोपन्न."

तिने मान वर केली. माझ्याकडे बघून गोड हसली. "बरं," म्हणाली आणि परत पेपरांत डोकं घातलं.

४

चार नंबरच्या पुढच्या पट्टीवर एकशेबेचाळीस अळ्या निघाल्या. त्याच्या पुढच्या पट्टीवर जवळजवळ सगळी अंडी फुटली.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली? बाप होणार म्हणून हवेत आहात?"

"मॅडम, माद्या मी स्वतः तीनदा तपासल्या. साफच होत्या."

"मग त्यांना जंतू लागला कुठून? जादूने?"

"माझ्या रक्तातून."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अहो, जंतू अंड्यातून जातो. रक्तातून जात नाही. आणि माणसात तो नसतोच. एकोणीस वर्षांनी हे मी तुम्हाला शिकवायचं?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच मी रीतसर प्रयोग लावला. एकाच दिवशी जन्मलेल्या साफ माद्या दोन पिंजऱ्यांत वाटल्या. नर दोन्हीकडे लागणवाले. एका पिंजऱ्यात माझा हात. दुसऱ्यात मॅडमचा; सूज उतरली होती आणि डॉक्टरांना न सांगता त्यांनी बाही दुमडली, कारण मला खोटं पाडायची संधी त्या सोडणार नव्हत्या.

मॅडमच्या पिंजऱ्यात शून्य. माझ्या पिंजऱ्यात तीनशे अठ्ठ्याऐंशी.

मॅडमनी ट्रे स्वतः भिंगाखाली घेऊन परत मोजला. मग म्हणाल्या, "माद्या वाटताना चुकलात. हे सगळं मारून टाका आणि नव्याने सुरू करा." ट्रेवर त्यांनी झाकण ठेवलं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना त्या हातभर लांब उभ्या राहू लागल्या, आणि त्यांचं त्यांनाही ते कळलं नसावं.

५

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर, खांद्याएवढ्या उंचीवर एक डाग आहे. तळव्याच्या आकाराचा, तेलकट, काळसर. आई उभी राहिली की डावा हात भिंतीला टेकवून उभी राहते. बोटं पसरून, सगळा तळवा भिंतीला चिकटवून, मान किंचित कलती करून. भाजी शिजायची वाट बघताना, फोनवर बोलताना, काहीच करत नसताना. माझ्या मावश्या अशाच उभ्या राहतात. मावश्यांच्या घरी असे डाग आहेत. ताईचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, फ्लॅट नवाकोरा आहे. तिथेही दोन वर्षांत डाग उमटला. लहानपणी मला वाटायचं, असा डाग प्रत्येकाच्याच घरी असतो, दिव्याच्या बटणाभोवती असतो तसा.

त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी, फिकट निळ्या भिंतीवर मला एक पुसट तळवा दिसला.

मी साबणाच्या फडक्याने तो पुसला. हात धुतले. ताई गेल्या रविवारी येऊन गेली होती, तिचा असणार. पण ताई माझ्याएवढी उंच आहे आणि हा तळवा चार बोटं खाली होता. पाच-सहा दिवसांत तो परत उमटला. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. तो लहान होता, आणि करंगळी जराशी वाकडी. ती वाकडी करंगळी मी अकरा वर्षं हातात धरत आलो होतो.

त्या जागी भिंत उबदार लागली. फ्रिजची मागची बाजू तापते, त्यामुळे असेल. फ्रिजची पाठ त्या भिंतीला नव्हतीच, हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

६

जेवणाच्या सुट्टीत मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या घराची वंशावळ काढली. कंटाळा आला की माणूस काहीही करतो.

आईच्या चौघी बहिणी. प्रत्येकीच्या घरी पोरंबाळं, भरलेलं गोकुळ. ताईला चार मुली. आजीच्या बहिणींचंही तेच. आमच्याकडच्या बायकांची कूस कधी रिकामी राहिली नाही, नवरा कुठलाही असो. पुरुष मात्र माझ्यासारखे. आजीचा भाऊ निपुत्रिक गेला. आईच्या चुलतभावांना मी धरलं नाही, कारण ते त्यांच्या आईच्या वंशाचे. पण माझ्या सख्ख्या मामाची पहिली बायको पाच वेळा पोट रिकामं होऊन माहेरी निघून गेली; तिथे तिने दुसरं लग्न केलं आणि वर्षात तिला जुळं झालं.

पेन थांबलं. मी नकळत चार चौकोन आखले होते, डासघरात नर-मादीच्या जोड्यांसाठी आखतो तसे.

मामाची दुसरी बायको, आमची मामी, लग्न होऊन आली तेव्हा गडगडाटी हसायची. मुलाबाळांसाठी आठ वर्षं झुरली. मग माझ्या आईकडे आणि मावश्यांकडे आळीपाळीने राहायला लागली. नवव्या वर्षी मुलगी झाली. मामीचं ते हसणं त्याच सुमारास बंद झालं. बाळंतपणाने बाई निवते, असं सगळे म्हणाले. आता मामी उभी राहते तेव्हा डावा हात भिंतीला असतो.

संध्याकाळी मी आईला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामीला एवढ्या वर्षांनी मूल झालं, ते कसं गं?"

"कसं म्हणजे?" आई म्हणाली. "आपल्यातली झाली ती."

७

माझा एकच मुद्दा उरला होता, बायकोचं रक्त, आणि तो मोजता येण्यासारखा होता.

सहा वर्षांपूर्वी यंत्र असंच बिघडलं होतं तेव्हा बायको डासघर बघायला आली होती. "यात काय एवढं?" म्हणत तिने बाही दुमडून चार नंबरमध्ये हात घातला होता आणि दहा मिनिटं माझ्याशी सरासरी या विषयावर तावातावाने भांडली होती. जुन्या नोंदवहीत ती नोंद सापडली. माझ्याच अक्षरात: 'हात: सौ. अंडी ३७१. फुटलेली ०.'

शनिवारी मी तिला बोलावलं. कारण सांगायला तोंड नव्हतं, म्हणून काहीच सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. सहाव्या महिन्यातल्या बाईला मी चार नंबरच्या पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसवलं आणि तिने निमूट बाहीत हात घातला. माझी मलाच लाज वाटली.

पिंजऱ्यातल्या माद्या एरवी हाताभोवती घिरट्या घालतात, हाकलल्या तर परत येतात. त्या दिवशी त्या आल्या, बसल्या आणि प्याल्या. एकही उडाली नाही. डासघरात नेहमी एक बारीक सूर भरून असतो, मला तो ऐकूच येत नाही इतका सवयीचा. तो थांबला तेव्हा ऐकू आला. तीस पिंजरे गप्प होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही रे. ओळखीचं वाटतंय."

दहा दिवसांनी मी मोजलं. चारशेवीस अंडी, फुटलेली चारशेवीस. एकोणीस वर्षांत कुठल्याच पिंजऱ्यात, अगदी लागणवाल्यांच्याही, मी सगळीच्या सगळी अंडी फुटलेली पाहिली नव्हती. चार-दोन तरी फुकट जातातच.

८

रविवारी आई आणि ताई आल्या. ताईने बरोबर तिच्या धाकट्या मुलीला आणलं होतं. जेवणं झाली, मी आतल्या खोलीत आडवा झालो. डुलकी लागली असेल. जाग आली ती शांततेने. चौघीजणी घरात असताना इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नळ ठिबकत होता तेवढाच.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. फटीतून दुपारचं ऊन येत होतं.

चौघी भिंतीला लागून ओळीने उभ्या होत्या. आई, ताई, ताईची सात वर्षांची मुलगी आणि माझी बायको. प्रत्येकीचा डावा तळवा भिंतीवर. धाकटी चवड्यांवर उभी राहून जमेल तितका वर हात पोचवत होती. कोणी बोलत नव्हतं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. नजर समोरच्या रिकाम्या भिंतीवर, दूर कुठेतरी लागलेली. गाडीच्या खिडकीत बसलेल्या माणसांची असते तशी.

मग चौघी एकदम हसल्या. मोठ्याने नाही. कोणीतरी छानसा विनोद केल्यावर घरातली माणसं हसतात, तेवढंच. ताईने डोळ्यांच्या कडा पुसल्या. आणि त्याच क्षणी, पुढे-मागे नाही, त्याच क्षणी, माझ्या बायकोच्या पोटावरचं कापड आतून हललं. दोनदा, तीनदा, बारीक बारीक. हसताना पोट हलतं तसं. पण तिचं पोट नव्हे. आतलं.

"उठलास?" आईने मागे न वळता विचारलं. "ये, चहा टाकते."

"कशाला हसत होतात?" माझा आवाज चिरका आला.

"काही नाही रे. बायकांचं."

धाकटीने भिंतीवरून हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं. लहान पोरं आजारी माणसाकडे बघतात तशी नजर होती तिची.

९

जंतू घालवायची आमची युक्ती सोपी आहे. साखरपाण्यात पिवळ्या पुडीचं औषध मिसळायचं. डासाला काही होत नाही, आतला पाहुणा तेवढा मरतो आणि मादी साफ होते. सोमवारी मी त्या पुडीची तपकिरी बाटली खिशात घालून घरी आणली. एकोणीस वर्षांत डासघरातून मी टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती.

येताना वाटेत मी स्वतःशी चिकार भांडलो. तिच्या जागचा वादही मीच घातला. तू वेडा झालायस, तुला झोप हवी आहे, एका कुटुंबाच्या उभं राहण्याच्या लकबीवरून आणि दोन-चार ट्रेंवरून तू निष्कर्ष काढतोस? मग दुसरा आवाज म्हणायचा: आणि खरं असेल तर? खरं असेल तर औषधाने ती परत येईल. माझी, भांडखोर, सात अठ्ठे छप्पन म्हणणारी. पण साफ मादी आणि लागणवाला नर यांचं उत्तर मी सोडून जगात कोणाला इतकं पाठ नव्हतं.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मी दूध गरम केलं, त्यात पूड ढवळली. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. मी ग्लास पुढे केला.

"पिवळसर दिसतंय," ती म्हणाली.

मी ग्लास तसाच पुढे धरून ठेवला.

"मीच मागितलं होतं," ती म्हणाली. "आईंकडे राहायला गेले होते ना, तेव्हा. त्या दोनदा नको म्हणाल्या. म्हणाल्या, परत फिरता येत नाही. मी म्हटलं, मला फिरायचंच नाही."

"काय मागितलंस? त्यांनी दिलं काय तुला?"

"ते नको विचारूस."

"अगं, तू तू राहिली नाहीस!"

"कशावरून?"

किती महिन्यांनी ऐकला होता तो शब्द.

"मी चोपन्न म्हणालो, तू बरं म्हणालीस."

"तू मुद्दाम म्हणालास. तुझे कान लाल होतात तेव्हा. मला भांडायची ताकद नव्हती रे, एवढंच." तिने खुर्चीत बसल्या बसल्या पाठ ताठ केली आणि फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "एक. तू म्हणतोस ते सगळं चूक असेल, तर हे औषध पोटातल्या बाळाला देणं हा शुद्ध गाढवपणा आहे. दोन. तू म्हणतोस ते सगळं बरोबर असेल, तर या ग्लासानंतर काय होईल ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? चार नंबर तूच मोजतोस. तीन. तीन गेली आपली. मी त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. कुठली बाजू घेणार आहेस, सांग. आणि मुद्द्याला धरून बोल."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. गाल तापले होते, आवाज चढला होता, डावी भुवई वर गेली होती. ती होती. ती तिथेच होती इतके दिवस, आणि मी काय काय मनात आणलं होतं.

"तू पी म्हणालास तर पिते," ती म्हणाली. माझ्या हातातून ग्लास घेऊन तिने ओठांना लावला. दुसऱ्या हाताने माझा हात धरून पोटावर ठेवला. तळव्याखाली एक लाथ बसली, मग दुसरी. नखाएवढ्या टाचेचा जोर केवढा असावा. "सांग. लवकर. दूध थंड होतंय."

मी ग्लास तिच्या ओठांवरून काढून घेतला. स्वयंपाकघरात गेलो, दूध मोरीत ओतलं, बाटलीतली सगळी पूड त्यावर ओतली आणि नळ पूर्ण सोडला. पिवळं पाणी गोल फिरत खाली गेलं. मला हसू येत होतं, रडूही येत होतं. माझं मूल जगणार होतं. माझी बायको माझ्याशी भांडली होती, मुद्द्यांना आकडे घालून, पहिल्यासारखी.

ती मागून आली. तिने माझ्या केसांतून हळूच हात फिरवला.

"शहाणा आहेस," ती म्हणाली.

मी नळाकडेच बघत राहिलो. अकरा वर्षांत ती माझ्याशी शेकडो वाद जिंकली होती, आणि दर वेळी जिंकल्यावर तिचं डोकं फिरायचं. इतक्यात हरलास? म्हणायची. लढ ना जरा, मजा काय यात? कधीकधी माझीच बाजू घेऊन ती स्वतःविरुद्ध भांडायला उठायची. मी ते ऐकायला थांबलो. पाणी वाहत होतं. तिचा हात माझ्या डोक्यावर होता, उबदार, आणि ती काहीच म्हणत नव्हती.